कुठला फॉर्म्युला लावू, ताई?

आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरची एक मुलगी आहे. लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. युनिट टेस्टच्या आदल्या रात्री साडेदहाला ती माझ्या दारात उभी. एका हातात मॅगीचा वाडगा, दुसऱ्या हातात फिजिक्सच्या गणितांचा कागद. "ताई, फक्त एवढं सांगा, कुठल्या गणिताला कुठला फॉर्म्युला लावायचा. मी समोर लिहून ठेवते."

वीस गणितं होती. भराभर वीस फॉर्म्युले सांगितले असते तर दहा मिनिटांत सुटका झाली असती. मी स्वतः फर्स्ट इयरला असंच करून पास झालेय. पण त्या आठवड्यात माझ्या कपाळावरचे टाके नुकतेच निघाले होते, आणि ते का पडले याचं उत्तर त्या वीसपैकी एका गणितात होतं. म्हणून तिला म्हटलं, "बस. आज फॉर्म्युला नाही, आज गणित वाचायला शिकू." रात्रीचा एक वाजला. तेव्हा जे बोललो तेच इथे लिहितेय. टाक्यांचं शेवटी सांगते.

आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीत फिजिक्स लिहायची ही पहिलीच वेळ. ॲक्सिलरेशनला त्वरण आणि रिटार्डेशनला मंदन म्हणतात हे मला त्याच मुलीने शिकवलं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या नावावर टाका आणि पुढे वाचा.

पाच जणांची खोली

समजा एका खोलीत पाच जण राहतात. यू म्हणजे सुरुवातीचा वेग, व्ही म्हणजे शेवटचा वेग, ए म्हणजे त्वरण, एस म्हणजे विस्थापन आणि टी म्हणजे वेळ. सरळ रेषेतल्या गतीचं कुठलंही साधं गणित घ्या, त्यात हेच पाच जण असतात. त्यातल्या तिघांचा पत्ता गणितात दिलेला असतो आणि उरलेले दोघे आपण शोधायचे असतात. तीन माहीत असले की बाकीचे दोन सापडतातच. दोनच माहीत असतील तर समजायचं, एक कुठेतरी शब्दांत लपलाय.

आता समीकरणं. शाळेत तीन शिकवतात, खरं तर पाच आहेत:

१) व्ही = यू + ए × टी
२) एस = यू × टी + १/२ × ए × टी-वर्ग
३) व्ही-वर्ग = यू-वर्ग + २ × ए × एस
४) एस = (यू + व्ही) ÷ २ × टी
५) एस = व्ही × टी − १/२ × ए × टी-वर्ग

नीट बघितलं तर प्रत्येक समीकरणात चौघे हजर आहेत आणि एक जण गैरहजर. पहिल्यात एस नाही, दुसऱ्यात व्ही नाही, तिसऱ्यात टी नाही, चौथ्यात ए नाही, पाचव्यात यू नाही. बस, "कुठला फॉर्म्युला लावू" याचं उत्तर एवढंच आहे. गणितात जो दिलेलाही नाही आणि विचारलेलाही नाही, तो ज्या समीकरणात गैरहजर आहे ते घ्यायचं.

उदाहरण. एक ट्रक थांबलेल्या अवस्थेतून सुटतो आणि १०० मीटर गेल्यावर त्याचा वेग सेकंदाला २० मीटर होतो. त्वरण किती? यू शून्य, एस १००, व्ही २०. विचारलाय ए. टीचं नावही नाही. म्हणजे तिसरं समीकरण. ४०० = ० + २ × ए × १००, म्हणून ए = २ मीटर प्रति सेकंद वर्ग. वेळ शोधत बसायची गरजच पडली नाही. माझी ज्युनिअर म्हणाली, "म्हणजे हजेरी घ्यायची आणि कोण दांडी मारतोय ते बघायचं!" अगदी तेच.

हे आले कुठून?

पाचही पाठ करायची गरज नाही. एक चित्र लक्षात ठेवा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. त्वरण एकसारखं असेल तर वेगाचा आलेख म्हणजे एक तिरकी सरळ रेघ. ती डावीकडे यू उंचीवर सुरू होते आणि टी वेळाने व्ही उंचीवर पोचते. रेघेचा चढ म्हणजे त्वरण, त्यातून पहिलं समीकरण निघतं. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. त्या क्षेत्रफळाचे दोन तुकडे पाडा. खाली आयत, तो यू × टी. वर त्रिकोण, पाया टी आणि उंची ए × टी, म्हणून क्षेत्रफळ १/२ × ए × टी-वर्ग. झालं दुसरं. पूर्ण आकृती समलंब चौकोन धरली तर चौथं. वरून व्ही उंचीचा मोठा आयत काढून त्यातून त्रिकोण वजा केला तर पाचवं. आणि पहिल्या व चौथ्यातून टीला हाकलून दिलं की तिसरं. व्हायवात एक्स्टर्नलने "डिराइव्ह करा" म्हटलं तर हे चित्र काढायचं आणि शांत उभं राहायचं.

हे चित्र फार जुनं आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या अभ्यासकांनी १४व्या शतकात सांगितलं होतं की एकसारखा वाढत जाणारा वेग आणि त्याच्या मधला सरासरी वेग, दोन्हींनी तेवढ्याच वेळात तेवढंच अंतर कापलं जातं. म्हणजे आपलं चौथं समीकरण. त्याच शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम यांनी ते आकृती काढून दाखवलं. पण खरोखरच्या पडणाऱ्या वस्तूला ते लागू होतं हे दाखवलं गॅलिलिओने. त्याचं पुस्तक १६३८ सालचं. सरळ खाली पडणारी वस्तू इतकी झटकन जाते की त्याच्याकडच्या साधनांनी वेळ मोजणं अशक्य. म्हणून त्याने उतरत्या फळीत गुळगुळीत खोबण केली, त्यातून पितळेसारख्या धातूचा, कांस्याचा गोळा सोडला, आणि भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी तोलून वेळ मोजली. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे त्याला दिसलं. म्हणजे सारख्या वेळांमध्ये कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांच्या प्रमाणात. आपणही करून बघू शकतो. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. भागून बघा, १ : ३ : ५.

इंग्रजीत लपलेले आकडे

माझी ज्युनिअर जिथे अडत होती तिथे फिजिक्स नव्हतंच, इंग्रजी होतं. "कम्स टू रेस्ट" याचं तिने केलं होतं "गाडी विश्रांतीला येते". आम्ही दोघी पाच मिनिटं हसलो. पण मग लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही. आमच्यासारख्यांना तो शब्दप्रयोग कानावरून गेलेला असतो, म्हणून आम्ही न समजताही शून्य लिहून मोकळे होतो. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ही छोटी यादी. "स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट" म्हणजे यू शून्य. "कम्स टू रेस्ट" म्हणजे व्ही शून्य. "युनिफॉर्म व्हेलॉसिटी" म्हणजे ए शून्य. "रिटर्न्स टू द स्टार्टिंग पॉइंट" म्हणजे एस शून्य, भले वस्तू कितीही फिरून आलेली असो.

एक ठिकाणी मात्र सावध. "ड्रॉप्ड" म्हटलं की आपण डोळे मिटून यू शून्य लिहितो. पण वर जाणाऱ्या बलूनमधून दगड सोडला तर हातातून सुटताना त्याला बलूनचाच वेग असतो, आणि तोही वरच्या दिशेने. दगड आधी थोडा वर जाईल, मग खाली. यू शून्य धरलं की मार्क गेले.

आणि युनिट. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला ५ ने गुणून १८ ने भागायचं. मी चार जोड्या पाठ केल्यात: १८ चे ५, ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०. यातल्या शेवटच्या दोन पुढे लागणार आहेत.

प्लस, मायनस आणि गच्चीवरचा बॉल

दिशा एकदा ठरवायची आणि गणित संपेपर्यंत बदलायची नाही. समजा १५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून बॉल सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो खाली जमिनीवर कधी पडेल? आकडेमोड सोपी व्हावी म्हणून गुरुत्व त्वरण १० धरू. वरची दिशा प्लस. मग यू = +१०, ए = −१०, आणि एस = −१५, कारण जमीन गच्चीच्या खाली आहे. व्ही दिला नाही, विचारला नाही. दुसरं समीकरण:

−१५ = १० × टी − ५ × टी-वर्ग

मांडणी केली की टी-वर्ग − २ × टी − ३ = ०. उत्तरं दोन, ३ आणि −१. उत्तर ३ सेकंद.

बहुतेक जण हे गणित तोडून करतात. १ सेकंद वर, तेवढ्यात ५ मीटर. मग २० मीटर खाली, त्याला २ सेकंद. एकूण ३. तेही बरोबर आहे, पडताळा म्हणून उत्तम. पण एकाच समीकरणात अख्खा प्रवास मावतो हे बघण्यात मजा आहे. ए सगळीकडे −१० च. व्हायवाचा आवडता प्रश्न, "सर्वात वरच्या टोकाला त्वरण किती?" शून्य म्हणालात की गेलात. तिथे वेग शून्य आहे. त्वरणही शून्य असतं तर वेग शून्याचा शून्यच राहिला असता आणि बॉल तिथेच लटकत बसला असता.

मग त्या −१ चं काय? आपण ते खोडून टाकतो, पण ते खोटं बोलत नाहीये. समीकरणाला गच्ची माहीतच नाही. ते म्हणतंय, हाच बॉल जमिनीवरून आला असता तर तो १ सेकंद आधी, सेकंदाला २० मीटर वेगाने निघाला असता. करून बघा, जुळतं. समीकरण फक्त आपण दिलेल्या आकड्यांचं ऐकतं. जग कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे आपण बघायचं.

समीकरण गाडी मागे नेतं

हे विसरलं की काय होतं ते बघा. गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. ब्रेक लावला, मंदन ५. तर ६ सेकंदांत गाडी किती पुढे जाईल?

दुसरं समीकरण, ए = −५. एस = २० × ६ − १/२ × ५ × ३६ = १२० − ९० = ३० मीटर. छान, उत्तर आलं, खाली दोन रेघा मारल्या. आता हेच ४ सेकंदांसाठी करा. ८० − ४० = ४० मीटर. म्हणजे ४ सेकंदांत ४० आणि ६ सेकंदांत ३०?

झालंय असं की गाडी ४ सेकंदांत थांबली. खरी गाडी थांबली की थांबते, ब्रेक तिला मागे नेत नाही. पण समीकरणाला वाटतं की मंदन चालूच आहे, म्हणून ते पुढच्या २ सेकंदांत गाडी १० मीटर मागे आणतं. बरोबर उत्तर ४०. ब्रेकच्या गणितात पहिला प्रश्न नेहमी हाच, गाडी थांबते कधी?

दुसरी मर्यादा याहून मोठी. ही पाचही समीकरणं त्वरण एकसारखं असेल तरच खरी. पावसाचा थेंब १ किलोमीटर उंचीवरून पडला असं धरून तिसरं समीकरण लावा. वेग येतो सेकंदाला १४१ मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वर. तसं असतं तर जूनच्या पहिल्या पावसात आपल्यापैकी कुणी उरलं नसतं. खरं तर मोठ्यातला मोठा थेंबही सेकंदाला साधारण ९ मीटरने येतो, कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो आणि त्वरण कमी होत होत शून्य होतं. स्प्रिंगचं, पॅराशूटचंही तेच. तिथे ही समीकरणं लावायची नाहीत.

आणि त्वरण मधेच बदलत असेल तर? गणिताचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात ए वेगळा पण एकसारखा. पहिल्या तुकड्याचा व्ही हाच दुसऱ्याचा यू. एवढं जमलं की तुम्हाला सगळं जमलं. आता ते शेवटचं गणित.

साडेनऊचं गेट

जानेवारीतली गोष्ट. मी आणि माझी रूममेट गावात गेलो होतो. आमच्या हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं आणि आम्ही ९ वाजून २२ मिनिटांनी निघालो. अंतर ९ किलोमीटर. ती चालवत होती, मी मागे. स्कूटरचा काटा सत्तरच्या पुढे गेलेला मला खांद्यावरून दिसत होता आणि मीच म्हणत होते, "अजून हाण, पोचतो आपण."

उसाचा सीझन. वळण संपल्यावर एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती, बहुतेक पंक्चर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हेडलाइटमध्ये आधी उसाची वाढी दिसली, मग ट्रॉली. तिने ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घेतली, आम्ही मुरमावर घसरत गेलो आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळलो. माझे टाके मी सांगितलेच. तिच्या मनगटात प्लेट आहे आणि त्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकल्स बुडाल्या.

पुढे खूप दिवस आम्ही ट्रॉलीवाल्याला शिव्या दिल्या. त्याची चूक होतीच. पण त्या रात्री ज्युनिअरच्या कागदावर सोळावं गणित होतं, ब्रेकचं, रिॲक्शन टाइमसकट. ते तिला समजावता समजावता मी आमचे आकडे घातले.

दोन तुकडे. अडथळा दिसल्यापासून हात ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद धरू. तेवढा वेळ गाडी त्याच वेगाने जाते, ए शून्य. मग ब्रेक, मंदन ५. चांगल्या कोरड्या डांबरावर याहून जास्त मिळू शकतं, ओल्या किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर बरंच कमी. थांबायचं अंतर तिसऱ्या समीकरणातून, यू-वर्ग भागिले १०.

ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५. पहिल्या सेकंदात १५ मीटर, मग २२५ भागिले १० म्हणजे २२.५. एकूण ३७.५ मीटर.

ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २०. पहिल्या सेकंदात २० मीटर, मग ४०० भागिले १० म्हणजे ४०. एकूण ६० मीटर.

वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, ब्रेकचं अंतर जवळपास पावणेदोनपट झालं. ही वर्गाची करामत. पण मला गप्प केलं ते पुढच्या ओळीने. ज्युनिअरने सहज विचारलं, "ताई, ट्रॉली ३७.५ मीटरवरच असेल तर? ५४ वाली गाडी टेकता टेकता थांबली. ७२ वाली तिथे पोचते तेव्हा किती वेगात असते?"

३७.५ मधले २० पहिल्या सेकंदातच गेले. ब्रेकला उरले १७.५. व्ही-वर्ग = ४०० − २ × ५ × १७.५ = ४०० − १७५ = २२५. व्ही = १५.

मी परत केलं. पुन्हा १५.

म्हणजे हळू चाललेली गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे जोरात चाललेली गाडी अजून ताशी ५४ ने जात असते. जणू हळू गाडीवाल्याने ब्रेकला हातच लावला नाही. ताशी १८ किलोमीटरचा फरक आपल्याला काट्यावर बोटभर दिसतो. ट्रॉलीजवळ तो ताशी ५४ चा होतो. ट्रॉली आम्हाला नक्की किती मीटरवर दिसली हे मला माहीत नाही, त्या वेळी कोण मोजतंय. पण वेग मला माहीत होता.

मग शेवटचं, ज्याला समीकरणही लागत नाही. ९ किलोमीटर ताशी ७२ ने गेलं तर साडेसात मिनिटं. ९ वाजून २९ मिनिटं ३० सेकंद, गेट उघडं. ताशी ५४ ने गेलं तर १० मिनिटं. ९ वाजून ३२, गेट बंद. २ मिनिटांच्या उशिराबद्दल रजिस्टरवर सही करावी लागली असती, घरी फोन गेला असता, आईची बोलणी बसली असती. एवढंच.

हे सगळं मला फर्स्ट इयरला येत होतं. थांबायच्या अंतराचं गणित मी पेपरात बरोबर सोडवलं होतं, त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते. फॉर्म्युला पाठ होता, म्हणून तो माझ्या कधी जवळच आला नाही. हा लेख मी रूममेटला वाचून दाखवला. तिने फक्त एक दुरुस्ती केली, "तू 'हाण' दोनदा म्हणाली होतीस." तिने हो म्हटल्यावरच छापायला दिला.

ज्युनिअरला युनिट टेस्टमध्ये २० पैकी १७ पडले. तिने पेपर आणून दाखवला. सोळाव्या गणितासारखं एक होतं, त्यात उत्तराखाली तिने मराठीत एक ओळ लिहिली होती, "गाडी याआधीच थांबली आहे." सरांनी त्या ओळीखाली बरोबरची खूण केली होती.

जाता जाता तुमच्यासाठी एक. रात्री तुमच्या हेडलाइटमध्ये उभी ट्रॉली ३० मीटरवर दिसते. रिॲक्शनला १ सेकंद, मंदन ५. जास्तीत जास्त किती वेगाने चालला असाल तर तिच्याआधी थांबाल? वर्गसमीकरण येईल, उत्तरं दोन येतील, त्यातलं एक मायनस. दुसऱ्याचे ताशी किलोमीटर करा. ४७ च्या आसपास आलं तर तुमचं बरोबर आहे. तो आकडा स्कूटरच्या काट्यावर कुठे येतो, ते गावात जाताना एकदा बघून ठेवा.